बूड नसलेलं जहाज

आमच्या पूर्णगडात होडी विकत घ्यायची झाली तर माणूस आधी तिचं बूड बघतो. वरचा रंग, नाव, पुढच्या टोकाला बांधलेली प्लास्टिकची फुलं, हे सगळं मागून. आधी वाकायचं, बोटांच्या सांध्यांनी फळ्या ठोकायच्या, आवाज भरीव आला तर पुढचं बोलणं. धाकू डोर्लेकराला हे कुणी शिकवायला नको होतं. तरी ह्याच धाकूने, तेहतीस वर्षं मोठ्या जहाजांवर काढलेल्या माणसाने, गेल्या श्रावणात बुडाकडे न बघता एक जहाज घरी आणलं.

धाकूकाका माझा शेजारी. मध्ये दगडांचा एक गडगा, तोही पडलेला. बोटीवरून कायमचा उतरून त्याला दोन वर्षं झाली होती. उतरला म्हणायचं एवढंच. अंग घरात आलं, सवयी आल्या नाहीत. बोटीवर चार तास काम आणि आठ तास सुट्टी अशी पाळी असते म्हणे. काका अजून त्याच पाळीने उठायचा. उठला की घरभर फेरी. विहिरीच्या पंपावर तळहात ठेवायचा, मिक्सर लावलेला असला तर मान वाकडी करून ऐकायचा, फ्रीजला कान लावून उभा राहायचा. एकदा म्हणाला, "ह्याचा काय खरा नाय. आतमदी काय तरी घासताय." मालनकाकी म्हणाली, "तुमी कान काढा, घासायचा थांबंल." पंधरा दिवसांनी फ्रीज बंद पडला. काकाच्या तोंडावर असा आनंद मी त्याच्या लेकीच्या लग्नातही बघितला नव्हता.

फेरी संपली की पडवीत खुर्ची आणि समोर खाडीचं तोंड. बोलणं नाही. मालनकाकीला तरी कुठे सवय होती बोलायची? नवरा नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी, ते तीन महिने लग्नंकार्यं आणि कौलं चाळण्यात गेलेले. दोघांनी सलग एक अख्खा श्रावण एकत्र काढला तो म्हातारपणी. काकी मला एकदा म्हणाली, "पावना असता तर चा देऊन वाटेला लावला असता. ह्येंचा काय करू?"

त्यात मुंबईच्या एजंटाचा फोन आला. निलेश त्याचं नाव. आखातात कुठेतरी एक बंद पडलेलं जहाज नांगरून ठेवलंय, त्यावर राखणीला चार माणसं हवीत, सहा महिने. काम काही नाही, नुसतं जहाजावर राहायचं. "काका, सोमवारपर्यंत कळवा," म्हणाला. काकाने लगेच खाटेखालची निळी बॅग ओढून पुसली. ती बॅग तशीही दोन वर्षांत पुरती रिकामी झालेलीच नव्हती.

काकीने तोंडाने काही म्हटलं नाही. पण तिचा उजवा गुडघा गेलेला, पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना दोनदा बसायला लागायचं, आणि घरात दुसरं कुणी नाही. लेक दिशा मिरजोळ्याला कारखान्यात नोकरीला, आठवड्याने एकदा येणार. काकीने तिला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "तुजा बापूस परत चालला."

दिशा हुशार पोरगी. म्हणाली, "आई, बाबांच्या हाताला काम दे. आमच्या कंपनीतल्या एका मेस्त्रीचा पाय मोडला होता, तीन महिने खाटेवर. त्याच्या मुलाने त्याला डब्यातलं विमान आणून दिलं. प्लास्टिकचे बारीक बारीक भाग असतात, जोडायचे, रंगवायचे. पाय बरा झाला तरी तो उठेना. रत्नागिरीत मिळतं. पण एक बघ, रंग आणि गोंद आतच असलेला डबा घे. नाहीतर बाबा गोंद नाही म्हणून तसंच ठेवून देतील."

हे शेवटचं काकीने पदराला गाठ मारल्यासारखं लक्षात ठेवलं.

बुधवारी मी भाजीच्या खेपेला रत्नागिरीला निघालो होतो. दोघं माझ्या गाडीत बसली. काकाला सांगितलं होतं की काकीचा गुडघा दाखवायचाय. राम आळीच्या तोंडाशी उतरल्यावर काकी गुडघा विसरून तरातरा चालायला लागली, तेव्हा त्याला संशय आला.

"डाक्तर हिकडं कुठं गो?"

"हाय हितंच. चला गप."

डॉक्टर नव्हता, खेळण्यांचं दुकान होतं. आत निशिगंधा म्हणून बाई बसते, दुकान तिचंच. बाहेर चेंडू न् बाहुल्या, आतल्या अंगाला उंच फळीवर हे जोडायचे डबे. काकीने सरळ सांगितलं, "ह्येंच्यासाठी दाखवा."

काका दुकानाच्या उंबऱ्यावरच थांबला. "मना काय पोर समाजलंस काय गो? माज्या नातवाच्या वयाची पोरा हितं येत असतील."

"तुमाला नातू नाय अजून. या आत."

निशिगंधाने एकेक डबा काढून काउंटरवर मांडला. "काका, मोठी माणसंच नेतात हे. परवा एक रिटायर्ड गुरुजी रणगाडा घेऊन गेले." विमान निघालं, जुनी मोटारसायकल निघाली, तसलाच एक रणगाडा निघाला. काकाने विमानाकडे बघून सांगितलं, "ह्यात बसून घरी यायचो. पाय आखडायचे. नको." रणगाड्याला हात लावला नाही. मग निशिगंधाने शिडीवर चढून दोन डबे खाली आणले, दोन्ही जहाजांचे, आणि काका न बोलावता जवळ आला.

पहिला डबा हातभर लांब. झाकणावर लढाऊ जहाज, लाकडी बैठकीवर ठेवलेलं, खालचं लालभडक पोट सगळं दिसतंय. काकाने त्या लाल पोटावरून बोट फिरवलं, मागच्या पंख्यापर्यंत नेलं. "ह्येचा बूड बघ," म्हणाला. तेवढंच.

काकीने डबा फिरवून बघितला. "रंग कुठं हायत ह्यात?"

"ह्यात नाहीत काकी. रंग, गोंद, ब्रश वेगळं घ्यावं लागेल. रंग सध्या माझ्याकडे नाहीत, मागवून देते. आठ-दहा दिवसांत येतील."

आठ-दहा दिवस! सोमवार तर चार-पाच दिवसांवर. काकीने डबा बाजूला सारला. "नको. वर तोफा किती त्या. तुमी काय तोफांना तेल घालीत व्हतात?"

"तोफा नाय लावायच्या. फेकून देऊ."

"आणि रंग? मागल्या टायमाला पंखा आणलात, त्याचा हूक नाय म्हणून तो पंखा अजून माळ्यावर हाय. ह्यो दुसरा बघू."

दुसरा डबा वीतभराचा. झाकणावर मालवाहू जहाज, निळ्या पाण्यातून चाललेलं, मागे पांढरा फेस. बाजूला छापलेलं सगळं: सहा रंगांच्या डब्या, गोंदाची नळी, ब्रश. काकीने तो कानाशी धरून हलवला. आत खुळखुळलं. मग कोपऱ्याकोपऱ्याने दाबून बघितला.

"काकी, हळू. ते काय सुकट नाही."

"सुकट बरी. वास तरी येता. ह्यात काय भरलाय त्ये कळायला नको? जरा उघडा."

"सील फोडलं तर मला परत घेता येत नाही ओ."

काका झाकणाकडे बघत होता. "माल चढवायची बोट हाय," म्हणाला. "आमची तिसरी अशीच व्हती." त्याने परत एकदा त्या मोठ्या डब्याकडे बघितलं. पण बायको त्याच्यासाठी एवढ्या लांब आली होती. "दे ह्योच," म्हणाला. डब्याच्या कडेला बारीक इंग्रजीत काय काय लिहिलं होतं. ते निशिगंधाने वाचलं नाही, मी वाचलं नाही, आणि त्या दोघांनी तर नाहीच.

परतीच्या वाटेला पावस गावात चहा घेतला तर काकाने डबा गाडीत ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसला. काकी माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. तिच्या मते सोमवारचा प्रश्न सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातूनच त्याचा आवाज ऐकला.

"बूड नाय! आयला, बूडच नाय ह्येला!"

गडगा ओलांडून गेलो. पडवीत गोणपाट अंथरलेलं. भाग सगळे प्लास्टिकच्या काड्यांना लागलेले, फांदीला करवंदं लागावीत तसे. रंगाच्या डब्या कुंकवाच्या करंड्याएवढ्या. आणि काकाच्या हातात जहाजाचं अंग. वरून सगळं ठाकठीक, खालून सपाट. चपट्या पाटासारखं. पाण्याच्या रेषेखाली जे असायला हवं ते कापून टाकल्यासारखं. कागदावरचं इंग्रजी मी आता वाचलं. ही जातच तशी असते. टेबलावर ठेवलं की पाण्यावर तरंगल्यासारखं दिसावं, म्हणून खालचा भाग करतच नाहीत.

"दिसावा म्हणून?" काका म्हणाला. "अर्धाच दिलान मेल्यांनी! उद्या माणूस बनवतील न् कमरेखाली काय नाय ठेवणार. दिसत नाय म्हणून!"

काकी आतून हात पुसत आली. तिने जहाज घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. चूक आपली आहे हे तिला कळलं होतं, म्हणून ती जोरात बोलली. "नाय तर नाय. टीवीवर ठेवल्यावर बूड कोन बगताय? वरचा तर हाय ना सगळा? तुमी जिथं काम करीत व्हतात तो भाग हाय ना?"

काकाने जहाज तिच्या हातातून काढून घेतलं, गोणपाटावर ठेवलं. आणि जहाजाला नाही, गोणपाटाला, जहाजाच्या खाली जिथे काहीच नव्हतं तिथे बोट लावलं.

"मी हितं व्हतो," म्हणाला.

काकीला कळेना. "हितं म्हंजे?"

"खाली. इंजनात. पान्याच्या खाली."

आता इथे एक सांगायला हवं. काका इंजिनात तेलवाला होता हे काकीला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या गावाला ठाऊक. पण आमच्या गावाला ठाऊक असलेलं इंजिन म्हणजे मासेमारीच्या लाँचचं. ते असतं वरतीच, एका फळीखाली. इंजिनवाला उघड्यावर उभा, एक पाय फळीवर, अंगावर वारा न् तुषार. तेहतीस वर्षं मालनकाकी नवऱ्याला असाच बघत आली होती. बोट मोठी, म्हणून फळी मोठी, एवढाच काय तो फरक. घरी आलेले फोटोही तसेच. फोटो काढायला सगळे वर उजेडात येतात. तळघरात कोण फोटो काढतो?

"म्हंजे वारा?" काकी म्हणाली.

"कसला वारा? तीन जिने उतरून खाली. दरवाजा लोखंडाचा. पंचेचाळीस डिगरी, कदी पन्नास. बनियान पिळून पानी काढीत व्हतो. बाहेर दिवस हाय का रात, त्ये घड्याळ बघून कळायचा."

काकी गोणपाटाच्या कडेला बसली. गुडघा दुमडत नाही, म्हणून पाय लांब करून. मग हळू म्हणाली, "आणि स्वेटर?"

मी बघितलं, काकाची मान खाली गेली.

लग्नानंतर काही वर्षांनी काकी महिला मंडळात विणकाम शिकली. तेव्हापासून दर खेपेला नवरा निघाला की एक स्वेटर. उघड्या बोटीवर वाऱ्यात उभा राहणार, छातीत थंडी भरेल, म्हणून दुहेरी लोकरीचा. गळा बंद.

"सव्वीस विणले मी," काकी म्हणाली. "बोटं दुखायची. सव्वीस! आणि तुमी भट्टीत!"

"व्हय."

"एकदा तरी तोंड उघडायचात! सांगितलात का नाय?"

"काय सांगू? तू इनत व्हतीस."

"मग केलात काय त्येंचा?"

"दिले. थंडीच्या बंदरात गोदीवर हमाल असतात. त्येंना द्यायचो. एक जण तर दोन वर्सांनी भेटला तरी त्योच घालून व्हता. तांबडा, पांढऱ्या पट्ट्याचा."

"तो दिशाच्या बारशाच्या वर्साचा," काकी म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण तो हमाल डोळ्यासमोर आला असावा. "त्येला व्हायचा बरोबर?"

"हातात आखूड व्हायचा. पन खूश व्हता."

"आणि मोरपंखी? त्येला किती लोकर गेली माहीत हाय?"

काका उठला, आत गेला. खाटेखालची निळी बॅग ओढल्याचा आवाज आला. तळातून काढून आणलेला स्वेटर त्याने तिच्यापुढे टाकला. मोरपंखी रंग मळून काळपट झालेला, घडी मात्र तशीच. "ह्यो नाय दिला. कानाला लावून निजायचो. इंजनाचा आवाज कमी यायचा."

मी चहा घ्यायला थांबलो नाही. काही वेळा शेजाऱ्याने आपल्या घरी जावं हे बरं.

दुपारी काका माझ्याकडे पटाशी मागायला आला. आगरातला पांगारा मागल्या वादळात पडला होता, त्याचा ओंडका त्याने खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आणून ठेवला होता. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, लोण्यासारखं कापतं. तीन दिवस तो माणूस त्या वीतभर लाकडाला चिकटून होता. घरातल्या फेऱ्या बंद. पंपाला कुणी हात लावला नाही, फ्रीजला कान लावला नाही. वरचं जोडकाम काकीकडे आलं. बारीक भाग तोडायला तिने नखं कापायचं कटर घेतलं आणि गोंद लावायला सुई. हात स्थिर, विणकामाचा. काका मधूनच ओरडायचा, "तो धुराड्याच्या मागं गो, पुढं न्हवं!" आणि ती म्हणायची, "तुमी बुडाचा बघा. वरचा मना कळता. मी तेहतीस वर्सा वरचाच बघत आलंय."

कागदावर लिहिलं होतं की रंग तासाभरात सुकतो. लिहिणाऱ्याने श्रावणातलं पूर्णगड बघितलं नसणार. पांढरा रंग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होता. काकीने डोलकाठी चुलीशेजारी शेकायला ठेवली तर ती वाकली. काकाने ती तशीच लावली. "वादळात वाकली म्हनून सांगू," म्हणाला.

रविवारी संध्याकाळी बूड तासून झालं. खाली निमुळतं, पुढे धार, मागे पंख्यासाठी खाच. पंखा केला पत्र्याच्या झाकणाचा. काकाने ते बूड वरच्या भागाला त्याच नळीतल्या गोंदाने चिकटवून बघितलं, लाकडाला तो धरेना. मग लाकडाचा गोंद लाँचवाल्या रघूच्या घरून आला. आणि लाल रंगही रघूकडूनच. डब्यातल्या सहा रंगांत लाल नव्हताच. बूड नाही तर लाल कशाला देतील? रघूची लाँच पावसाळ्यासाठी माडाच्या झापांखाली होती, नारळी पौर्णिमेच्या आधी तिला बुडाचा रंग चालला होता. त्याने करवंटीत ओतून दिला. "धाकूदा, तुज्या बोटीला येवढा पुरंल ना?" म्हणाला. "का अजून एक पिंप पाठवू?"

सोमवार उजाडला. उघडीप होती. खळ्यात जहाज उलटं करून बूड रंगवायचं होतं, पण उलटं ठेवलं तर वरच्या काठ्या मोडणार. खाली काहीतरी मऊ हवं. काकीने काही न विचारता मोरपंखी स्वेटर आणला, खोलगट करून ठेवला, आणि जहाज त्यात पालथं बसवलं.

"रंग लागंल त्येला," काका म्हणाला.

"लागू दे. आदीच तुमचा तेल लागलाय."

काका उकिडवा बसला. पहिला हात मागून पुढे ओढायला सुरुवात केली. ब्रश भरलेला, दोन्ही हात लाल. आणि पडवीत फोन वाजला.

काकाने मान वळवली, उठला नाही. काकीकडे बघितलं. ती एक-एक पायरी धरत वर गेली, फोन घेतला. निलेश मोठ्याने बोलणारा, मला गडग्याअलीकडे ऐकू येत होतं. काका आहेत का, काय ठरलं, यादी आज पाठवायची आहे.

"ते कामावर हायत," काकी म्हणाली.

पलीकडून काहीतरी प्रश्न.

"नाय, दुसऱ्या कंपनीत नाय. हितंच, खाली हायत. बुडाचा काम चाललाय... आता उसंत नाय. आजचा हात सुकल्यावर दुसरा देणार... श्रावण हाय बाबा, कवा सुकंल कोन सांगणार? तू दुसरा कोन तरी बघ."

फोन ठेवून तिने खळ्यात बघितलं. ती काय बोलली ते काकाने ऐकलं होतं. ब्रश हवेत थांबला होता. मला वाटलं आता उठेल, म्हणेल, मला विचारल्याबिगर कशाला सांगितलंस? तो म्हणाला, "दुसरा न्हवं. तीन हात द्यायचे. सांगताना बरोबर सांगत जा."

"बरा बरा. तीन."

बॅग नंतर दिशा मिरजोळ्याला घेऊन गेली, तिला हवी होती. जहाज टीव्हीवर आहे. वाकडी डोलकाठी, वरचं अंग झकास आणि त्याखाली पांगाऱ्याचं बूड, मापापेक्षा जरा मोठंच झालेलं, त्यामुळे सगळं जहाज गर्भारशी बाईसारखं दिसतं. सपाट जागेवर उभं राहत नाही, म्हणून खाली मोरपंखी स्वेटरची चुंबळ.

कुणी घरी आलं की मालनकाकी चहाच्या आधी ते खाली काढते, उलटं करते. लाल बुडाच्या बगलेवर डब्यातल्या पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आहे, तिने सुईच्या टोकाने दिलेला.

"हे हितं व्हते," ती सांगते. "तेहतीस वर्सा."

आणि पडवीतून काकाचा आवाज येतो, दर वेळी तोच. "जरा मागं गो. जरा मागं. तू दाखवतंस ती तेलाची टाकी हाय."